खणखणीत नाण्याचे मोल

चांदीच्या नाण्याला एकाच वेळी तीन किमती असतात. एक त्याच्या अंगावर छापलेली, म्हणजे दर्शनी; दुसरी त्यातल्या धातूची; आणि तिसरी संग्राहक देतो ती. पहिली सरकार ठरवते, दुसरी सराफ बाजार ठरवतो. तिसरी ठरते नाण्याच्या दुर्मीळतेवर आणि प्रतीवर, आणि सगळा घोळ होतो तो तिच्यातच. कर्जत-खालापूरकडच्या एखाद्या घरात देवघराच्या डब्यात राणीछाप रुपया, १९६९ चे गांधीजींचे दहा रुपये, टाकसाळीतून मागवलेले शंभर रुपयांचे स्मारक नाणे आणि अमेरिकेतल्या पुतण्याने आणलेला ‘सिल्व्हर ईगल’ डॉलर अशी चार नाणी शेजारी-शेजारी असू शकतात. चारही चांदीची, पण प्रत्येकाचे मोल काढण्याची रीत निराळी.

धातूची किंमत काढणे सर्वांत सोपे. तिला वजन आणि कस एवढे दोनच आकडे लागतात. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये आपल्या सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरवला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. हेच वजन एका तोळ्याचे. त्यामुळे रुपया हे जसे चलन होते तसे ते वजनही होते. एका पारड्यात रुपया आणि दुसऱ्यात माल घालून ‘रुपयाभार’ तोलण्याची पद्धत त्यातूनच पडली. हा कस १९३९ पर्यंत टिकला. व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, सहावा जॉर्ज असे चेहरे बदलत गेले, आतली १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी बदलली नाही. १९४० पासून मात्र ती निम्म्यावर आली: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. अशा रुपयात शुद्ध चांदी भरते ५.८३ ग्रॅम. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा. म्हणजे सहाव्या जॉर्जचा चेहरा पाहून भाव सांगणारा हमखास चुकतो. आधी साल वाचावे लागते.

हिशेबाच्या सोयीसाठी चांदीचा भाव किलोला एक लाख, म्हणजे ग्रॅमला शंभर रुपये धरला, तर राणीछाप रुपयातली चांदी १,०६९ रुपयांची आणि १९४० नंतरच्या रुपयातली ५८३ रुपयांची. प्रत्यक्षातला भाव रोज हलतो, त्या प्रमाणात हे आकडे हलवावेत. शिवाय सोनार घेताना घासलेल्या नाण्याची घट धरतो, आटणीची तूट धरतो, टंच काढतो. साठ-सत्तर वर्षे हातोहात फिरलेला रुपया तराजूत ११.६६ भरत नाही. कडांवरच्या खाचा गुळगुळीत झाल्या असतील, तर वजन कमी भरणार हे तराजू न पाहताच सांगता येते.

एवढे रुपये या डोंगराळ भागात आले कसे, याचे उत्तर फारसे गूढ नाही. रयतवारीत शेतसारा रोखीने भरावा लागे. भात विकल्याशिवाय रुपया हाती येत नसे आणि रुपयाशिवाय सारा फिटत नसे. त्यात कर्जत भोर घाटाच्या पायथ्याशी. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे पुण्याकडे गेली, त्याआधी काही वर्षे हजारो मजूर बोगदे आणि पूल बांधत या डोंगरात राबत होते. मुंबईची टाकसाळ फोर्टात, म्हणजे त्याच लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाजवळ. आजही कर्जतहून सुटलेली लोकल जिथे थांबते, तिथून टाकसाळ चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

या कथेत अमेरिकन डॉलरही अगदी लांबचा पाहुणा नाही. १८९३ पर्यंत कोणीही चांदी टाकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शके. त्या वर्षी सरकारने ही मुभा बंद केली, आणि तेव्हापासून रुपयाची दर्शनी किंमत आतल्या चांदीपेक्षा वर राहिली. पहिल्या महायुद्धात हे गणित उलटले. चांदी इतकी चढली की रुपया खर्च करण्यापेक्षा वितळवणे परवडू लागले. लोक नोटा परत करून रुपये मागू लागले. सरकारने १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची नोट काढली, तरी तगादा थांबेना. शेवटी अमेरिकेने एप्रिल १९१८ मध्ये ‘पिटमन कायदा’ करून आपल्या तिजोरीतले चांदीचे डॉलर वितळवायला काढले. एकूण २७ कोटी २ लाख ३२ हजार ७२२ डॉलर वितळले, आणि त्यांतल्या सुमारे २५ कोटी ९१ लाखांची चांदी ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानासाठी विकत घेतली. एका डॉलरमध्ये २४.०६ ग्रॅम शुद्ध चांदी, म्हणजे बरोबर सव्वादोन रुपयांची. तेव्हा घरातला पाचव्या जॉर्जचा १९१८, १९१९ किंवा १९२० चा रुपया हा मूळचा ‘मॉर्गन’ नावाचा अमेरिकन चांदीचा डॉलर असण्याची शक्यता चांगलीच आहे. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच झाले. सुमारे साडेबावीस कोटी औंस अमेरिकन चांदी उसनी आली, आणि ती फेडण्यासाठी पुढे अर्ध्या चांदीचे रुपये गोळा करून वितळवावे लागले.

वितळणे ही नाणेशास्त्रातली मोठी घटना आहे, कारण दुर्मीळता बहुतेक वेळा मुशीतच जन्माला येते. किती नाणी पाडली हा आकडा पुस्तकात असतो. किती उरली हा आकडा कोणाकडेच नसतो. पिटमन कायद्याखाली कोणत्या सालाचे किती डॉलर गेले याची नोंद अमेरिकेने ठेवली नाही, म्हणून मॉर्गन डॉलरच्या काही सालांची किंमत आजही अंदाजावर चालते. आपल्याकडचे ठळक उदाहरण १९११ चे. पाचव्या जॉर्जच्या अंगरख्यावर एका मानचिन्हातला हत्ती कोरला होता. त्याची सोंड आखूड पडल्याने तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, त्यांतले सातएक लाखच लोकांत गेले. बाकीचे परत मुशीत. पुढच्या वर्षी हत्ती सुधारला. त्यामुळे १९११ चा रुपया १९१२ च्या रुपयापेक्षा कितीतरी महाग, चांदी मात्र दोघांत गुंजभरही कमी-जास्त नाही. १९३९ चा रुपया त्याहून दुर्मीळ. पुऱ्या कसाचा तो शेवटचा, आणि बराचसा चलनात न येताच आटला. आणि म्हणूनच खोट्या १९३९ ची संख्या खऱ्यांपेक्षा जास्त असावी असे वाटण्याइतके ते बाजारात दिसतात.

साल एकच असले तरी नाणे एकच नसते, हेही राणीछापाच्या बाबतीत ध्यानात ठेवावे लागते. १८४० च्या रुपयावर राणीच्या नावाची अक्षरे काहींत सलग फिरतात, काहींत डोक्यापाशी तुटतात. १८६२ हे साल तर टाकसाळीने १८७४ पर्यंत तसेच गोठवून ठेवले होते. मुंबईचे रुपये प्रत्यक्षात कोणत्या वर्षीचे, हे मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांच्या संख्येवरून ओळखतात. ठिपके मोजणे हे भिंग आणि धीर असलेल्यांचे काम. घरातल्या रुपयाचा भाव चारपट करणारी गोष्ट कधी कधी तेवढ्या एका ठिपक्यात असते, तरी बहुसंख्य १८६२ रुपये अगदी साधे आहेत हेही तितकेच खरे.

दुर्मीळतेनंतर येते प्रतवारी, आणि गेल्या चाळीस वर्षांत नाण्यांच्या बाजाराची चाल तिनेच बदलली. भात घेणारा व्यापारी ओंजळीतले दाणे पसरून कणी किती, काळा दाणा किती हे पाहतो. नाण्याची प्रतवारीही मुळात तशीच नजरेची. तिला आकडे दिले विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने. त्याने १९४९ मध्ये जुन्या अमेरिकन सेंटांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. १ म्हणजे कसेबसे ओळखू येणारे नाणे, ७० म्हणजे निर्दोष. मूळ कल्पना अशी होती की ७० प्रतीचे नाणे १ प्रतीच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचे असावे. बाजाराने हा हिशेब लवकरच मोडीत काढला, आकडे तेवढे ठेवले. ६० च्या खाली वापरलेली नाणी येतात, ६० ते ७० मध्ये चलनात न आलेली. ती ‘एमएस’ या अक्षरांनी दाखवतात. ‘प्रूफ’ ही मात्र प्रत नव्हे, घडणीची पद्धत: चकचकीत केलेला ठसा, निवडक चकती, एकाहून अधिक दाब. प्रूफ नाणेही घासून खराब होऊ शकते.

जुन्या रुपयावर झीज कुठे बघायची हे ठरलेले असते. जो भाग उंच, तो आधी झिजतो. राणीच्या रुपयावर गाल, कानावरचे केस आणि मुकुट; पाचव्या जॉर्जच्या रुपयावर भुवई, कान, मुकुटाच्या कमानी आणि तोच तो अंगरख्यावरचा हत्ती. न वापरलेले नाणे दिव्याखाली तिरके धरून फिरवले, तर चमकेचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा सगळ्या पृष्ठभागावरून फिरतो. उंचवट्यावर तो तुटला की नाणे वापरात आलेले. ही चमक म्हणजे ठशाच्या दाबाने धातू कडेकडे सरकताना उमटलेल्या अतिसूक्ष्म रेषा. एकदा त्या गेल्या की परत येत नाहीत. घासून आलेली चकाकी वेगळी, ती सपाट आणि निर्जीव असते. सराफांनी खरेपणा तपासताना मारलेले बारीक ठसे हा या देशातल्या रुपयांचा खास दोष. इतिहास म्हणून ते मोलाचे, प्रतवारीत ते वजा.

१९८६ मध्ये ‘पीसीजीएस’ आणि १९८७ मध्ये ‘एनजीसी’ या अमेरिकन कंपन्या निघाल्या आणि प्रतवारी हा त्रयस्थाचा धंदा झाला. नाणे तपासायचे, आकडा द्यायचा आणि कडक प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत बसवून अनुक्रमांक टाकायचा. या डबीला व्यवहारात ‘स्लॅब’ म्हणतात. आपल्याकडे स्लॅब म्हटले की घराचे छत डोळ्यांपुढे येते, हा भाग वेगळा. मुंबईच्या लिलावांत आता स्लॅबमधले रुपये सर्रास दिसतात. स्लॅबने एक मोठे काम केले: न पाहता दूरवरून नाणे घेणे शक्य झाले. आणि एक गंमतही झाली. आपल्याकडे ‘खणखणीत नाणे’ आणि ‘बंदा रुपया’ हे खरेपणाचे दाखले, कारण दगडावर टाकून आवाज ऐकणे हीच जुनी कसोटी होती. सर्वोच्च प्रतीचे नाणे मात्र कायमचे मुके असते.

आता मुख्य प्रश्न: सर्वोच्च प्रतीच्या आधुनिक नाण्याला किती द्यावे? इथे जुन्या रुपयाचा नियम उलटा फिरतो. १८६२ चा रुपया पाडला तो खर्चण्यासाठी. त्यातला एखादाच कोरा राहिला, म्हणून कोरेपणाला किंमत. आधुनिक चांदीचे नाणे पाडले जाते तेच जपण्यासाठी. ते टाकसाळीतून निघते, नळीत किंवा डबीत बसते आणि बोटाचा स्पर्श होण्याआधी तपासणीला जाते. अशा नाण्यांत ६९ आणि ७० प्रती सवंग असतात. अमेरिकेचा ‘सिल्व्हर ईगल’ १९८६ पासून निघतो. दर्शनी एक डॉलर, आत एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम, जवळजवळ शुद्ध चांदी. २०१५ या एका वर्षात ते चार कोटी सत्तर लाख विकले गेले. त्यांतले ‘एमएस ७०’ ही कौतुकाची गोष्ट आहे, दुर्मीळ नाही. उलट १९९६ मध्ये ते ३६ लाखांच्या थोडे वर निघाले, आणि तेव्हा ७० च्या मागे फारसे कोणी नव्हते. नाणी नळ्यांत एकमेकांवर घासत राहिली. म्हणून १९९६ च्या सत्तरीला खरोखर भाव आहे.

सत्तरीची व्याख्याच तिची मर्यादा सांगते. पाचपट मोठे करून दाखवणाऱ्या भिंगाखाली, टाकसाळीनंतरचा एकही दोष न दिसणारे नाणे म्हणजे ७०. ६९ मध्ये एखादा सुईच्या टोकाएवढा ओरखडा असतो. बऱ्याचदा साध्या डोळ्याला दोघांत फरक कळत नाही, आणि किंमत मात्र दुप्पट-तिप्पट. या फरकाचे पैसे धातूला मिळत नाहीत, रूपालाही नाहीत. ते मिळतात ‘याच्याहून वरचे कोणाकडेच नाही’ या वाक्याला. तेव्हा असे किती नग आहेत हे मोजणे हाच खरा अभ्यास. प्रतवारी कंपन्या आपापल्या याद्या प्रसिद्ध करतात: अमुक साल, अमुक प्रत, इतके नग. त्या याद्या दोन्ही बाजूंनी फसवतात. जास्त आकड्याच्या आशेने लोक तेच नाणे स्लॅब फोडून पुन्हा पाठवतात आणि एका नाण्याची दोनदा नोंद होते. दुसरीकडे, न तपासलेल्या नळ्या अजून कपाटांत पडून असतात, आणि भाव चढला की त्या बाहेर येतात.

याचा सर्वांत बोलका दाखला १९९५ च्या वेस्ट पॉइंट टाकसाळीतल्या प्रूफ ‘ईगल’चा. ते फक्त सोन्याच्या नाण्यांच्या महागड्या संचाबरोबर दिले गेले, म्हणून अवघे ३०,१२५ निघाले. आधुनिक नाण्यांत हा आकडा खरोखर छोटा. पीसीजीएसच्या ७० प्रतीचा असा एक नग २०१३ मध्ये लिलावात ८६ हजार डॉलरच्या वर गेला, कारण तेव्हा त्या प्रतीचे नग बोटांवर मोजण्याइतके होते. ही किंमत पाहून लोकांनी आपापले नग तपासणीला काढले, सत्तरींची संख्या वाढत गेली आणि भाव त्या उंचीच्या काही अंशांवर उतरला. नाणे तेच, डबीही तशीच. बदलली ती फक्त यादीतली संख्या. ६९ प्रतीचा त्याच नाण्याचा भाव मात्र एवढा हलला नाही, कारण तो नाण्याच्या दुर्मीळतेवर उभा होता, आकड्याच्या दुर्मीळतेवर नव्हता. आधुनिक नाणे घेणाऱ्याने सर्वांत वरची पायरी सोडून त्याखालची घ्यावी, असे अनुभवी लोक सांगतात ते यामुळे. आणि ते बरोबरच आहे.

चांदी स्वतःही बेइमान होते. शुद्ध चांदीच्या नाण्यांवर काही वर्षांनी दुधाचे थेंब वाळल्यासारखे पांढुरके डाग उमटतात, तेही सीलबंद डबीच्या आत. लेबलवर ७० तसेच राहते, घेणारा मात्र डाग पाहून मागे सरकतो. ‘पहिल्या तीस दिवसांत पाठवलेले’ अशा अर्थाच्या खास लेबलांना जे जादा पैसे मोजले जातात, ते तर सरळ कागदाचे पैसे. नाणे पहिल्या दिवशी निघाले की शंभराव्या, हे नाण्यावर कुठेही लिहिलेले नसते.

भारतीय स्मारक नाण्यांचा हिशेब याच चौकटीत बसतो. १९६९ चे गांधीजींचे दहा रुपये १५ ग्रॅमचे, ८० टक्के चांदीचे. आत १२ ग्रॅम चांदी. ते घरोघर जपले गेले, म्हणून साध्या प्रतीत त्याला चांदीच्या भावावर फारसे काही मिळत नाही. १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या पंचविशीचे दहा रुपये निघाले तेव्हा वजन २२.५ ग्रॅम झाले आणि कस निम्म्यावर आला. मोठे दिसणारे नाणे आत ११.२५ ग्रॅमच. आकार पाहून भुलणाऱ्याला हा चांगला धडा आहे. पुढच्या बहुतेक मोठ्या चांदीच्या नाण्यांत १९४० चाच चार धातूंचा मेळ दिसतो. अटलबिहारी वाजपेयींचे २०१८ चे शंभर रुपये आणि नव्या संसद भवनाचे २०२३ चे पंचाहत्तर रुपये, दोन्ही ३५ ग्रॅमची, आत १७.५ ग्रॅम चांदी. बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीचे हजार रुपयांचे नाणे याला अपवाद: तेवढ्याच वजनात ८० टक्के, म्हणजे २८ ग्रॅम चांदी. ही नाणी बाजारात फिरण्यासाठी नसतातच. टाकसाळ ती पुठ्ठ्याच्या वेष्टनात, दर्शनी किमतीहून कितीतरी जास्त दराने, मागणी नोंदवून विकते. तेव्हा त्यांच्या किमतीला चौथा पदर जोडला जातो: टाकसाळीचा विक्रीदर. पुन्हा विकताना तो दर सुटेलच असे नाही. त्यातून आपल्याकडे कोणते स्मारक नाणे नेमके किती विकले गेले, याचे आकडे अमेरिकेइतके नेमाने समोर येत नाहीत. नग किती हे ठाऊक नसताना ‘सर्वोच्च प्रत’ म्हणून जादा पैसे देणे म्हणजे अंधारात बोली लावणे. वेष्टन, प्रमाणपत्र आणि खोका यांना मात्र आपल्या बाजारात खरा भाव आहे. नाणे बाहेर काढून देव्हाऱ्यात ठेवले की तो गेला.

मुंबईची जुनी टाकसाळ आणखी एका कारणाने लक्षात ठेवावी लागते. दुर्मीळ जुन्या नाण्यांचे ठसे जपून ठेवून, मागणीनुसार त्यांच्या नव्या प्रती पाडून देण्याची प्रथा मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही ठिकाणी विसाव्या शतकात बराच काळ चालली. त्या प्रती टाकसाळीच्याच, म्हणून खोट्या म्हणता येत नाहीत. पण मूळ नव्हेत. चकचकीत, धारदार, शंका येण्याइतका सुंदर जुना रुपया समोर आला, की आधी हा विचार करावा.

इथून पुन्हा घरातल्या डब्याकडे. कर्जत, खालापूर आणि माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांत चांदीचा रुपया साठवला गेला तो नाणे म्हणून कमी आणि दागिना म्हणून जास्त. ठाकर, कातकरी आणि इतर कष्टकरी घरांत रुपये-पावल्यांच्या माळा ही बाईच्या हक्काची शिल्लक होती. अडीनडीला माळेतला एक रुपया काढायचा, सुगीत जमले तर परत ओवायचा. त्यासाठी सोनार प्रत्येक रुपयाला वर कडी बसवून डाक देत असे. संग्राहकाच्या दृष्टीने त्या क्षणी नाण्याचे आयुष्य संपते. कडी नंतर काढून घासली, तरी कडेवर डाकाचा फिकट व्रण राहतो, आणि प्रतवारी कंपनी आकडा न देता ‘कडी काढलेले’ एवढाच शेरा मारते. भोक पाडलेल्या पावलीचे तेच. १९११ चा रुपया जरी माळेत सापडला, तरी त्याची किंमत कोऱ्या रुपयाच्या आसपासही जात नाही.

दुसरा शत्रू लक्ष्मीपूजन. वर्षातून एकदा डबा उघडतो आणि नाणी चिंच, राख, दंतमंजन किंवा चांदी उजळवण्याच्या पावडरीने घासली जातात. चांदीवर वर्षानुवर्षे चढलेला करडा-निळसर थर संग्राहकाला हवा असतो. तो अस्सलपणाची साक्षही असतो. घासताना तो जातोच, शिवाय भिंगाखाली केसासारखे एका दिशेचे ओरखडे उठतात. अशा नाण्यालाही आकडा मिळत नाही, ‘घासलेले’ हा शेरा मिळतो. पन्नास दिवाळ्या पाहिलेला राणीछाप रुपया लखलखीत दिसतो, आणि त्याची किंमत धातूपाशी येऊन थांबलेली असते. धनत्रयोदशीला सराफाकडे मिळणारे लक्ष्मीचे किंवा राणीचे चित्र असलेले नवे ‘नाणे’ तर नाणेच नव्हे. ते पदक आहे. ते वजनावर घ्यावे, वजनावर विकावे.

जुन्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात या समजाने गावोगाव फसवणूक चालते. राम-सीता, हनुमान यांची चित्रे आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली साले असलेले ईस्ट इंडिया कंपनीचे तांब्या-पितळेचे तुकडे कंपनीने कधीच पाडले नाहीत. तांदूळ ओढून घेणारे ‘राइस पुलर’ नाणे ही निव्वळ भामटेगिरी आहे. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून जुन्या नाण्यांच्या विक्रीसाठी आगाऊ शुल्क मागणाऱ्यांविरुद्ध खुद्द बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला. बँक असा कोणताही व्यवहार करत नाही. खऱ्या नाण्याच्या बाबतीतही सांगण्याचा भाव आणि सुटण्याचा भाव यांत अंतर असते. विक्रेत्याची मागणी कितीही असो, लिलावात बोली जिथे सुटली तो आकडा खरा, आणि त्यातूनही लिलावगृहाचे कमिशन वजा होते.

दोन कायदे माहीत असलेले बरे. शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते आणि ते देशाबाहेर नेण्यावर बंदी आहे. म्हणजे राणीछाप रुपया आकडा मिळवण्यासाठी अमेरिकेला टपालाने पाठवणे हा घरगुती निर्णय नाही. दुसरा कायदा १८७८ चा, जमिनीत सापडलेल्या ठेव्याबद्दलचा. कर्जत-खालापुरात शेतघरांसाठी आणि बंगल्यांसाठी जागोजाग जमीन उकरली जाते. तिथे गाडगे लागले आणि आत दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज निघाला, तर जिल्हाधिकाऱ्यांना, म्हणजे अलिबागला, कळवणे बंधनकारक आहे. कायदा झाला तेव्हा दहा रुपये म्हणजे दहा तोळ्यांची नाणी होती; रक्कम अजून तीच आहे.

डबा घेऊन बसणाऱ्याने क्रम असा धरावा. नाणे कडेने धरावे, घासू नये. वजन करावे, रुपया ११.६६ च्या फार खाली किंवा थोडेही वर गेले तर संशय घ्यावा. साल वाचावे, टाकसाळीची खूण शोधावी, कडी-भोक-घासण बघावी. हे सगळे निर्दोष निघाले आणि साल दुर्मीळ असले, तरच प्रतवारीचा खर्च करावा; तपासणीची फी, ने-आण आणि विमा मिळून होणारा खर्च साध्या रुपयातल्या चांदीपेक्षाही जास्त होऊ शकतो. आधुनिक स्मारक नाणे वेष्टनातून काढू नये आणि सत्तरीच्या लेबलसाठी दुप्पट देऊ नये. कडी बसवलेल्या माळेला मात्र ना यादी, ना आकडा. तिचे मोल सोनाराचा काटाच सांगतो: पुऱ्या कसाच्या, न झिजलेल्या बारा रुपयांच्या माळेत, कड्या आणि दोरा सोडून, १२८ ग्रॅम शुद्ध चांदी.